राक्षसाला मामांची चाल

ती. मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्यापूर्वी घरातले दोन्ही जुने फोन बंद करून उशीखाली ठेवले आहेत, तेव्हा काळजी नसावी.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी तसं काही नाही. आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट असं आदळते की घास घेताना चोरट्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचंही नाही. मामींची तब्येत कशी आहे? तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला मात्र मला तोंड राहिलेलं नाही, आणि सगळं पत्र त्या गुडघ्याबद्दलच आहे, म्हणजे पंचाईत बघा.

माझा धंदा तुम्हाला कधी नीट कळला नाही. त्यात तुमची चूक नाही, मलाही तो अधूनमधून कळेनासा होतो. मी घरी बसून, एकटा, कार्टूनच्या छोट्या फिल्म करतो. कार्टूनला चालवायचं तर एकेक पाऊल हाताने बसवावं लागतं, आणि त्यात माणूस म्हातारा होतो. मोठ्या स्टुडिओत नटाला अंगभर सेन्सर लावलेला घट्ट पोशाख घालतात, तो चालला की कॉम्प्युटरमधलं चित्र त्याच्यासारखंच चालतं. याला मोशन कॅप्चर म्हणतात, आणि तसल्या पोशाखाचं नुसतं भाडं ऐकून मी पाणी प्यायलो होतो. पण आता आमच्यासारख्या फाटक्यांसाठीही सोय निघाली आहे. दोन जुने फोन खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे करायचे, मधून आपण चालायचं, आणि सॉफ्टवेअर त्यातून माणसाची हाडं तेवढी वेचून घेतं. चेहरा नाही, कपडे नाहीत, पडद्यावर उरतो नुसता रेघांचा माणूस. मला वाटलं, आता नट शोधायला नको, मीच आहे.

मुलांच्या वाचनालयासाठी फिल्म करायची होती आणि तिच्यात एक राक्षस होता. अंगाला चिकटणारे कपडे असले की सॉफ्टवेअरला सोपं जातं, म्हणून मी तुमच्या भाचेसुनेची व्यायामाची विजार चढवली (परवानगी नंतर मागितली, ही माझी जुनीच खोड) आणि खोलीभर डरकाळ्या फोडत फिरलो. पडद्यावर आला तो बूट चावणारा हिशेबनीस. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतत होते. दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअरने मला सोडून कपडे वाळत घालायच्या स्टँडलाच माणूस मानलं, आणि राक्षस काखेत टॉवेल वाळत घातल्यासारखे दोन्ही हात पसरून निमूट उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई काय पडलं म्हणून विचारायला वर आल्या. दार मी त्याच विजारीत उघडलं. बाईंनीच माझी माफी मागितली, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या की त्या जमिनीकडे बघतात. भाचेसुनेने दोन्ही तुकडे पाहिले आणि स्टँड जास्त चांगला नट आहे असं तिचं मत पडलं.

नेमके त्याच रविवारी तुम्ही आमच्या कपाटाचं निखळलेलं दार बसवायला आलात. मी चहा टाकायला आत गेलो, फोन चालूच राहिले. (इथपर्यंत माझा गुन्हा नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. पुढे आहे.) तुम्ही दार पाठीवर घेतलंत, रंधा मारायला गॅलरीत नेलंत आणि परत आणलंत. संध्याकाळी मी फाइल उघडली, तर रेघांचा माणूस खोलीतून चालला होता. डावा खांदा कललेला, कोपर जरा मागे, डावा पाय बाहेर वळलेला, उजवा गुडघा दर पावलाला जरासा उशिरा उचलला जाणारा. सॉफ्टवेअरला दार दिसलंच नव्हतं. पाठीवर काही नसताना ओझं मात्र स्पष्ट दिसत होतं. मामा, इतकं खरं चालणं माझ्या पडद्यावर कधी आलं नव्हतं. मी तेच उचललं, राक्षसाला घातलं, त्याच्या पाठीवर एक दार दिलं, आणि गोष्ट अशी केली की तो दाराला शोभेलसं घर शोधत हिंडतो आहे.

तुम्हाला विचारायला हवं होतं. फोन हातातच होता. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल याची मला खात्री होती. (याला चोरी म्हणतात. मी तेव्हा त्याला संदर्भ म्हणत होतो.) नाटक कंपनीत दोन प्रवेशांमधल्या अंधारात सिंहासनं आणि पलंग हलवण्यात तुमचा जन्म गेला, आवाज न करता, कुणाला न दिसता. शिडीवरून पडून गुडघा गेल्यापासून तर तुम्ही कुठल्याही समारंभाला सगळ्यांच्या आधी येता आणि सगळे गेल्यावर उठता. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मलाही ठाऊक होतं. तरीही मी तुम्हाला वाचनालयाच्या हॉलमध्ये फिल्म बघायला बोलावलं, आणि तुम्ही नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या रांगेत बसलात.

राक्षस पडद्यावर आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आईने नुसती माझ्याकडे मान वळवली. हिरवं अंग, तीन शिंगं, गुडघ्यापर्यंत केस, पण आपल्या भावाला ओळखायला तिला राक्षसाची दोन पावलंही लागली नाहीत. मागे खुर्ची वाजली. तुम्ही उठला होतात. उभ्या आयुष्यात अंधारात चाललेल्या माणसाला अंधाराची काय भीती, पण मला वाटलं तुम्ही अडखळाल, म्हणून मी धावत जाऊन हॉलचे सगळे दिवे लावले. मुलांनी मागे वळून पाहिलं. पडद्यावर तीच चाल, हॉलमध्ये तीच चाल. मग ती पोरं राक्षस आला, राक्षस आला म्हणून टाळ्या पिटायला लागली. तुम्ही दारापर्यंत पोचलात आणि माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालात, "दिवा कशाला लावलास?"

मामा, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. अजून तसाच आहे.

त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, आणि संध्याकाळचं बाकावर जाऊन बसणंही सोडलंत असं मामींनी आईला सांगितलं. तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. फिल्म संपल्यावर ती सगळी पोरं एकामागे एक, डावा खांदा पाडून, पाठीवर दप्तरं घेऊन, उजवा पाय उशिरा उचलत घरी गेली. कुणी हसत नव्हतं. फार जबाबदारीचं काम असल्यासारखे सगळ्यांचे चेहरे होते. याने माझा गुन्हा कमी होत नाही. फिल्म मी वाचनालयातून परत आणली आहे, आणि तुम्ही म्हणाल तर पुसून टाकेन.

मामींना नमस्कार. आपला, तोंड लपवून बसलेला,
भाचा

ता. क. : पुसण्यापूर्वी एक सांगायचं राहिलं. वाचनालयाच्या बाईंना दुसरा भाग हवा आहे. त्यात राक्षसाला जिना उतरायचा आहे. मी स्वतः उतरून पाहिलं, तर नमुना बघून मुलांनी राक्षस आजारी आहे का असं विचारलं. तुम्ही उतराल का? फोन तुम्हीच लावायचे, तुम्हीच बंद करायचे, आणि नाव सगळ्यात आधी, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. (पत्र यासाठीच लिहिलं असं तुम्हाला वाटेल. निम्मं खरं आहे.)

ता. क. दुसरा : नमुना करताना दाराची बेल वाजली आणि मी तसाच दार उघडायला गेलो. फोन चालू होते. नंतर सहज तो रेघांचा माणूस तुमच्या रेघांच्या माणसावर ठेवून पाहिला. खांदा तोच, कोपर तेच, बाहेर वळलेला पाय तोच. गुडघा तेवढा तुमचा, बाकी सगळं आपलं दोघांचं. वरचं पत्र लिहून झाल्यावर आईला दाखवलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली, "मामावर गेलाय मेला."

ता. क. शेवटचा : एवढं शेवटचं तुमच्या जिन्यात बसून लिहितो आहे. पत्र दाराखालून सरकवेन. दार उघडलंत तर जिन्यातला दिवा मी लावणार नाही. नाही उघडलंत तर खिडकीशी या. मी रस्त्यावरच्या दिव्याखालून सावकाश चालत जाईन, मागे वळून बघणार नाही. तुम्ही नीट बघा, आणि हसू आलं तर हसा.