डाव्या कानातली बाई

२ नोव्हेंबर, रविवार

हेडफोन आला. केयूर स्वतः खांदेश्वरहून बाइकवर घेऊन आला. आमच्या हेडफोन क्लबमधे हा एकच पीस फिरतोय. प्रत्येकाने थोडे दिवस ऐकायचा, रिव्ह्यू टाकायचा, पुढच्याला द्यायचा. ज्याचा रिव्ह्यू बेस्ट, तो पॅनलवर. पॅनलवर गेलं की डीलर नवीन मॉडेल डायरेक्ट घरी पाठवतात. मला पॅनलवर जायचंय. जाणारच आहे, फक्त फॉर्मॅलिटी बाकी आहे.

माझ्या आधी पीस केयूरकडे होता. केयूर अ‍ॅडमिन पण आहे. म्हणजे पेपर पण तोच देणार, तपासणार पण तोच. लक्षात ठेवतोय.

बॉक्सची टेप दोनदा लावलेली दिसते. का?

३ नोव्हेंबर, सोमवार

सेटअप केला. खुर्ची खिडकीकडे तोंड करून. उजवीकडे कपाट, डावीकडे स्वयंपाकघराची भिंत. भिंतीत वर झरोका आहे, आजोबांनी घर बांधलं तेव्हाचा. वरचे दोन मजले भाड्याने दिले, खाली सगळं तसंच.

हा ओपन-बॅक आहे. कपांना मागे झाकण नाही, नुसती जाळी. त्यामुळे गाणं डोक्यात कोंडत नाही, समोर पसरतं. आतला आवाज थोडा बाहेर जातो, बाहेरचा थोडा आत येतो. क्लबमधे नवीन पोरांना हे मीच समजावतो.

म्हणून घरात नियम. मी हेडफोन घातला की मिक्सर नाही, टीव्ही म्यूट, कुकर शिट्टीच्या आधी बंद. बाबा बोलले, मंग भात काय अर्धा कच्चा खावाचा? रंजिता बोलली, दादा, श्वास घेतलेला चालेल का, का तो पण म्यूट? कॉलेजला गेल्यापासून हिची जीभ वाढलीय. आईने फक्त विचारलं, मी आतमंदी सुका जवला निवडीत बसले तं चालंल ना रं, त्याचा काय आवाज नसतो. चालेल बोललो. घरात एकटी तीच सपोर्टिव्ह आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसचा लॅपटॉप लॉगिन करून ठेवतो, दोन कॉलच्या मधे ऐकतो. वर्क फ्रॉम होमचा एवढाच फायदा.

बेस कमी. साउंडस्टेज चांगला, म्हणजे आवाज मोकळा पसरतो, पण बेस कुठाय? केयूरने कानावरचे पॅड बदलले असणार. ओरिजिनल स्वतःकडे ठेवले आणि आम्हाला डुप्लिकेट फिरवतोय. उजव्या पॅडवर एक लांब केस मिळाला. केयूरचे केस बारीक आहेत. मग हा कोणाचा? फोटो काढून ठेवला.

रंजिता बोलली, माझा आहे, परवा दोन मिनिटं घालून बघितला.

खरं बोलत असेल तरी फोटो डिलीट करणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

 नीट लिहितो.

क्लबचा टेस्ट ट्रॅक नंबर दोन. गझल. एक गायक, तबला, हार्मोनियम, बास. आत्तापर्यंत शंभर वेळा ऐकलाय, स्वस्तातल्या इअरफोनवर. आज दुसऱ्या अंतर्‍याला डावीकडे, जरा मागे, एक बाई गुणगुणते.

बाई. या गाण्यात बाई नाहीच आहे.

परत लावलं. परत होती, पण दुसऱ्याच ओळीवर. म्हणजे माझा कान अजून तयार होतोय. तिसऱ्यांदा पूर्ण अंतराभर होती. तालाच्या किंचित मागे, खालच्या पट्टीत, थोडं नाकातून. शिकलेला आवाज नाही. आमच्या आळीतली बयाबाई लग्नात नवरीला हळद लावताना ढवळे गायची, म्हणजे आमची लग्नाची गाणी, तसं वळण. आगरी आवाज आहे हा, पैज लावतो.

अल्बमचं क्रेडिट काढून बघितलं. तबलेवाल्याचं नाव आहे, चहा देणाऱ्याचं पण असेल, हिचं नाही.

कंपनीने दाबलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

घाईत मत बनवायचं नाही असं ठरवलंय. म्हणून टेस्ट. हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर. हार्मोनियम डावीकडची उजवीकडे गेली. तबला पण फिरला. बाई फिरली नाही. ती डावीकडेच.

दुसरा कोणी असता तर गोंधळून सोडून दिलं असतं. मी शांतपणे विचार केला. अर्थ एकच निघतो, तिचा आवाज मुद्दाम अशा पद्धतीने मिक्स केलाय की कुठल्याच चॅनलमधे सापडू नये. हे चुकून होत नाही. यामागे डोकं आहे.

आई सध्या फार खुशीत असते. दुपारी झोपत पण नाही. नवीन भिशी लावली की काय, बघायला पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आई जासईला मामाकडे गेली, तिच्या भाच्याची हळद. रंजिताला पण नेलं. बाबा बाहेर. घरात पिन पडली तरी ऐकू येईल. आयडियल कंडिशन्स.

आणि बाई गायब.

तीन वेळा पूर्ण ट्रॅक ऐकला. केबल काढून लावली. अँप्लिफायर रीस्टार्ट केला. नाही म्हणजे नाही.

मग ट्यूब पेटली. वीज. बाजूला एमआयडीसी आहे. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, लाइन स्वच्छ, बाई ऐकू आली. आज सगळ्या मशिनी चालू, लाइन घाण, बाई गेली. शनिवारचं काय, हा प्रश्न उरतो. शनिवारी काम ढिलं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आई काल रात्री आली. आज बाई पण आली, आणि काय आली. फुल फॉर्ममधे. गझल संपली तरी एक ओळ पुढे चालूच. आवाज मात्र थोडा बसल्यासारखा. केबल तापली असेल. आईचा पण घसा बसलाय, हळदीला रात्रभर ढवळे म्हटले म्हणे. तिला गरम पाणी पी बोललो.

आता मोठी गोष्ट. कंट्रोल म्हणून दुसरा अल्बम लावला. नॉर्वेचं पियानो ट्रिओ. पियानो, बास, ड्रम, गाणं वगैरे काही नाही.

बाई होती. तीच. डावीकडे, तालाच्या मागे.

नॉर्वेला ही काय करत होती?

म्हणजे एका कंपनीचा विषयच नाही हा. कोणीतरी त्या बाईचा आवाज एकदा रेकॉर्ड करून घेतला, आणि आता जगभर फिलरसारखा वापरतायत. एमआयडीसीची थिअरी मात्र मागे घेतो. आज बुधवार आहे, मशिनी चालू आहेत.

संध्याकाळी रिव्ह्यू लिहायला बसलो. बेस, ट्रेबल सगळं दोन ओळींत उरकलं, बाकी पूर्ण तिच्यावर लिहिलं. कोण असेल ती? कुणाची तरी आई असेल. काम करता करता गात असेल. घरात तिला कोणी ऐकून पण घेत नसेल. तिला तिचं नाव मिळालं पाहिजे, मी मिळवून देणार, असं लिहिताना खरंच डोळे भरले. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात, गान्याची ती दुसरी... असं काहीतरी विचारायला लागली. हातानेच गप्प केलं. लिंक तुटली असती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोस्ट टाकली. हेडिंग, ‘या बाईला न्याय कधी?’

रिस्पॉन्स मिक्स. कोणी अंगठा, कोणी हसरा चेहरा. हसरे चेहरे कोणाचे ते बघून ठेवलेत.

सीवूड्सच्या गीतांजलीने विचारलं, ऐकताना घरी आणखी कोण असतं? हा काय प्रश्न झाला? पर्सनल आहे. माझ्यानंतर पीस तिच्याकडे जाणार आहे, त्यामुळे ती आत्तापासून माहिती काढतेय. उत्तर दिलं नाही.

केयूरने लिहिलं, माझ्याकडे हाच पीस होता, हाच ट्रॅक, बाई नव्हती रे. मी लिहिलं, सर, कान कान में फरक होता है. तो चिडला नाही. अशी माणसं डेंजर. बोलला, रविवारी घरी येतो, स्वतः ऐकतो. बाई असेल तर तू पॅनलवर, आणि कंपनीला पत्र क्लबच्या नावाने मी लिहितो. नसेल तर पोस्ट काढायची.

पत्राचा ड्राफ्ट मी आत्ताच करून ठेवला. त्याचं इंग्लिश कसं असेल सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रिहर्सल. बाई प्रत्येक टेकला हजर. एवढी रेग्युलर तर आमची टीम लीड पण नाही.

उद्यासाठी घरात मीटिंग घेतली. उद्या साधी शांतता नाही, पूर्ण शांतता. बाबांनी दुपारी बाहेर जायचं. रंजिताने मैत्रिणीकडे. आई राहील, पाहुण्याला जेवायला घालावं लागेल, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, भांडं आपटायचं नाही. आई बोलली, बरा बाबा, तोंडाला कुलूप लावते. बाबा बोलले, तिच्या तोंडाला कुलूप, त्यासाठी मना बाहेर कनाला घालवतस, आयुष्यात एकदाच बघाला मिललं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाईट दिवस.

केयूर आला. खुर्चीवर बसवला. ट्रॅक दोन. तो डोळे मिटून ऐकत होता, मी त्याचा चेहरा बघत होतो. दुसरा अंतरा आला, गेला. चेहरा तसाच. परत लावलं. तसाच. नॉर्वे लावलं. तसाच.

त्याने हेडफोन काढला आणि मी घातला. गायक, तबला, हार्मोनियम, बास. डावीकडे नुसती भिंत.

बोललो, व्होल्टेज. तो बोलला, हो, असेल. बोललो, पॅड. तो बोलला, पॅड ओरिजिनलच आहेत रे. बोललो, कालपर्यंत होती, देवाशप्पथ. माझा आवाज जरा चिरकला, पण नॉर्मल आहे, मी पाणी कमी पितो.

आईने भाकरी आणि जवळ्याचं कालवण वाढलं, तोंडाला पदर लावून. केयूरने तीन भाकऱ्या खाल्ल्या. पोस्ट काढायला आलेला माणूस तीन भाकऱ्या खातो?

बूट घालताना तो आईला बोलला, काकू, तुम्ही फार शांत असता. आई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली तेव्हा बोलली, ह्या पोरानीच सांगितलाय, हूं का चूं नाय कराचा. एरवी नाय बाबा मी अशी.

केयूर एक बूट घालून तसाच उभा राहिला. झरोक्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. विचारलं, हा कायम उघडाच असतो का? मी बोललो, हो, का? तो बोलला, काही नाही. मग बोलला, पोस्ट आज नको काढू, राहू दे, पीस मात्र मी नेतो, गीतांजली वाट बघतेय.

बँकेत कामाला आहे तो. झरोक्याशी त्याचं काय देणंघेणं? आणि एवढा चांगला चान्स असताना पोस्ट का ठेवली? मला अजून अडकवायचा प्लॅन दिसतोय.

पॅनल गेलं. बाईचं पण राहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपार

हेडफोन गेला. टेबलावर रिकामा स्टँड. कॉल नव्हता, नुसता बसलो होतो. कानात काही नाही. लॅपटॉप पण म्यूट.

डावीकडून बाई.

गझल. दुसरा अंतरा.

कान चाचपून बघितले, रिकामे. मग उठून स्वयंपाकघरात गेलो. आई खाली बसून जवळा निवडत होती. गात पण होती. मला बघून थांबली. बोलली, हेडफोन नाय ना आता, चालंल ना? चालेल बोललो. मग बोलली, तुझा तो डबा गेला आन् माझी वाट लागली रं. झरोक्यातून बारीक बारीक यायची गानी, मी बी मागोमाग जायची, काम कसा पटापट उरकायचा. आता सगला मनाच म्हनाला लागतं. ते टिंगटिंग पन.

टिंगटिंग म्हणजे नॉर्वे.

ती नॉर्वे गुणगुणून दाखवायला लागली. बरोबर होतं. तालाच्या किंचित मागे.

रंजिताला फोन केला, तुला माहीत होतं का. ती बोलली, काय, आई गाते ते? सगळ्या आळीला माहीत आहे दादा. तुला नव्हतं? ठेवला फोन.

पोस्ट उघडली. काढून टाकणार होतो. मग एडिट केली. जिथे ‘गायिका, अज्ञात’ लिहिलं होतं तिथे लिहिलं, सौ. पुतळा गोटीराम म्हात्रे, शिरवणे. बाकी काही लिहिलं नाही. सेव्ह केल्या केल्या केयूरचा अंगठा आला. लगेच. मागोमाग गीतांजलीचा. म्हणजे त्याला कालच कळलं होतं, आणि हिला त्याच्या आधी.

यावेळी संशय बरोबर निघाला.

परत आत गेलो. आई बोलली, बस जरा. त्या दिवशी पन विचारत होते, तू हात केलास. त्या गान्याची दुसरी ओल काय हाय? तितंच येऊन अडकते बघ, मंग नुसता हूं हूं करावा लागतं.

बोललो, सांगतो.

मला पण येत नव्हती.