एक्केचाळीस वेळा कुतुब

शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

आज तिला एक फोन आला आणि ती हसली. साधंसुधं नाही — तोंडाला पदर लावून! अडतीस वर्षांच्या संसारात असं हसताना तिला कधी पाहिलं, ते आठवत बसलो. चहा निवला.

बळवंत म्हणे. सांगलीच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आता रिटायर. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. कसल्याशा सेमिनारसाठी दिल्लीत आलाय, मुनिरक्याजवळ गेस्ट हाउसमध्ये उतरलाय. शनिवार-रविवार मोकळा! "अलके, तू आता इथली. दिल्ली तूच दाखवायचीस!" फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकू आलं. मी मुद्दाम कान दिला नव्हता.

अलके! लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी एकदा 'अलका' अशी हाक मारली, तर आईने डोळे वटारले. तेव्हापासून 'अगं'.

वास्तविक दिल्ली दाखवणारा मी. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकतीस वर्षं काढली. दर मे महिन्यात आणि दिवाळीत गावाकडचे पाहुणे हजर. दिल्ली दाखवा! एकट्या कुतुबालाच एक्केचाळीस वेळा नेलंय लोकांना. चिपळूणचे मामा छोले-भटुरे हाणून थेट कुतुबपाशी ओकले, तेव्हा त्यांची पाठ चोळणारा मीच. रिटायर होऊन इथे फरीदाबादला आल्यापासून पाहुणे आटले. पण जीभ अजून तयार आहे.

सगळं त्याच्याशी ठरवून झाल्यावर मला म्हणते, "तुम्ही पण चला ना."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

शनिवार, २२ फेब्रुवारी — सकाळ

सव्वानऊला गेली. मोरपंखी साडी! आमच्या देवयानीच्या लग्नानंतर कपाटातून निघाली नव्हती. डबासुद्धा नेला नाही. "तिथेच काहीतरी खाऊ." बाहेरचं खाल्लं की पित्त होतं म्हणणारी बाई ही! माझी पोळी-भाजी झाकून ठेवली आहे.

दुपारी

देवयानीचा पुण्याहून फोन. तुझी आई कुठे गेली आहे ते ऐक, म्हणून सगळं सांगितलं. लेकीने माझी बाजू घ्यावी की नाही? खो-खो हसली.

"बाबा, जळताय तुम्ही!"

मी म्हटलं, छट्.

"बिल्कुल जळताय!" दिल्लीत वाढलेली कार्टी. मराठीत भांडताना हिला 'बिल्कुल' लागतंच.

भाजी गार झाली होती. गरम करून घेतली नाही. कोणासाठी करायची?

संध्याकाळी

साडेसहाला आली. गाल लाल. बेडमी-आलू खाल्ले, जिलबी खाल्ली, दौलत की चाटसुद्धा खाल्ली — तो दुधाचा गोड फेस, थंडी सरली की मिळत नाही तो. म्हणाली, "जिभेवर ठेवला की गेलाच हो, काही उरतच नाही!" मी विचारलं, द्रोण एक घेतला की दोन?

"काय?"

काही नाही, म्हटलं.

बळवंत घरापर्यंत पोचवायला आला होता. चांदणी चौकातून फरीदाबादपर्यंत! मी तरी कोणाला इतक्या लांब पोचवायला गेलो नाही. उंच आहे. डोक्यावर सगळे केस आहेत. चहा पिताना गुडघ्याची चौकशी केली, तर गुडघ्याचं माझ्या लक्षातच नव्हतं. घाईत चुकीचाच गुडघा धरला.

"दीनानाथराव, अलका म्हणजे चालताबोलता गाइड आहे की! लाल किल्ल्यात शिरताना मला म्हणते, 'आत्ताच मान वर करू नकोस. आधी पायाखालचा दगड बघ, किती झिजलाय. मग वर बघ.' काय वाक्य आहे!"

काय वाक्य आहे! माझं वाक्य आहे ते! पाहुण्यांना सांगून सांगून घासूनपुसून लख्ख केलेलं. ते उचलून माझ्याच बायकोने दिलं परपुरुषाला — आणि तो मलाच ऐकवतोय, माझ्याच घरात, माझी बिस्किटं खात! ती बशीकडे बघत होती. माझं नाव सांगायला काय झालं होतं?

त्यांचं उद्या हिंदूरावला जायचं ठरलंय.

मी म्हटलं, गुडघा आता बरा आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

कुतुब काय, कोणीही दाखवेल. हिंदूराव हा माझा हुकमाचा एक्का. उत्तरेकडच्या टेकाडावर, ग्वाल्हेरहून येऊन राहिलेल्या आपल्या माणसाच्या नावाचा भाग. आता तिथे मोठं हॉस्पिटल आहे आणि जवळच अशोकाचा स्तंभ. गर्दी नाही, तिकीट नाही. दाखवला की पाहुणा गार! तोही एक्का आज ती बळवंतापुढे टाकणार म्हटल्यावर मी घरी बसतो की काय!

आज मात्र डबा घेतला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. "हिंदूरावला डबाच लागतो," म्हणाली. बरोबर. हेही माझंच.

मेट्रोत ते दोघं शेजारी बसले. मी समोर. वर्गातलं कोण कोण वारलं ते मोजत होते आणि हसत होते! तिला एकदा सरांनी बेडूक कापायला सांगितला आणि तिने खिडकीतून सोडून दिला, ही गोष्ट मला आज पहिल्यांदा कळली. बळवंताला चव्वेचाळीस वर्षं माहीत आहे.

कश्मीरी गेटला उतरून ई-रिक्षा केली. स्तंभापाशी पोचलो आणि ती सुरू झाली. "याचे पाच तुकडे झाले होते, बळवंत. पाच." मग थांबली. जिथे मी थांबतो, तिथेच! मनात तीन आकडे म्हणायचे आणि मग — "आणि बघ, उभा आहे." बळवंत वर बघतच राहिला. मला असं चरचरलं! माझं थांबणंसुद्धा दिलं तिने त्याला.

"चला, आता डबा," ती म्हणाली. "मागे मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली बसायचं. वारा असा येतो, की हातातली पुरी धरून ठेवावी लागते!" भराभरा स्तंभाच्या मागे गेली. परत आली. दुसऱ्या बाजूने गेली. परत आली.

बळवंत म्हणाला, "अलके, इथं सगळी विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ, आहे की गं. कडुनिंब कुठला?"

"आहे रे. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा आहे." मग माझ्याकडे वळली. "अहो, कुठेय?"

कडुनिंब वादळात पडला, त्याला सात-आठ वर्षं झाली. एका पाहुण्याला आणलं होतं तेव्हा बघितलं. घरी सांगितलं नाही — झाड पडलं, त्यात सांगण्यासारखं काय?

पण ते नव्हे. तो मागे कधी नव्हताच. रस्त्याच्या बाजूला होता, उतरल्या उतरल्या दिसायचा. एकदा जरी इथे आलेला माणूस त्याला मागे शोधायला गेला नसता.

मी तिथे उभा राहिलो आणि मला आमचं क्वार्टर आठवलं. आदल्या दिवशी पाहुण्यांना जेवताना मी सगळं रंगवून सांगायचो. कडुनिंब, वारा, पुरी. ती पोळ्या वाढत असायची. सकाळी डबा तयार. संध्याकाळी आम्ही दमून परत आलो की दहा माणसांचा गरम स्वयंपाक तयार! मग मधल्या वेळात ती कुठे असणार?

मला तर तिचा पदर हिंदूरावला वाऱ्यावर उडतानाही आठवतो. कोणाचा पदर होता तो?

बळवंताने गवतातून बुंधा शोधून काढला. "हा बघ. कडुनिंबच होता. बरोबर सांगत होतीस तू." त्यावर रुमाल पसरून तिला बसायला दिलं. मला तेही सुचलं नाही.

ती बसली, पुरी खाल्ली. इकडेतिकडे बघितलं. "वारा येतो खरा," म्हणाली.

तिने त्याला सांगितलं नाही, की मीही पहिल्यांदाच आले आहे. कालही नाही, आजही नाही. माझी अब्रू राखली.

येताना बळवंत बरंच बोलत होता. काय बोलला, आठवत नाही. स्टेशनवर निरोप घेताना माझा हात दोन्ही हातांत धरला. माणूस चांगला आहे. हे लिहायलाही जड जातंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ती भाजी आणायला गेल्यावर अल्बम काढले. सात. कुतुब, लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट. मामा, मावश्या, साडूंची पोरं. ती नाही. मला वाटायचं, फोटो ती काढत असेल. पण कॅमेरा मी कोणाच्या हाताला लागू दिला होता?

एका फोटोत सापडली. क्वार्टरच्या दारात. पाहुणे टॅक्सीत बसताहेत आणि ती डबा पुढे करते आहे. अर्धी कापली गेली आहे.

देवयानीला फोन केला. आई यायची का गं आपल्याबरोबर, दिल्ली बघायला?

ती म्हणाली, "आई? आई घरी असायची ना, बाबा."

आज हसली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी उठून पुऱ्या करायला घेतल्या. आज कुतुब, दोघांनीच. एकही पुरी फुगेना. ती येऊन दारात उभी राहिली. तिच्याकडे न बघता म्हणालो, दोन दिवस त्या बळवंताचा फार हेवा वाटला मला.

"कळत होतं," ती म्हणाली. "तेल तापू द्या आधी."

मग थोड्या वेळाने — "मला तुमच्या प्रत्येक पाहुण्याचा वाटायचा. कुतुबपाशी ओकले ना, त्या मामांचासुद्धा."