आमटी डाव्या बाजूला

९ नोव्हेंबर २०२५

गाडीची किल्ली काढून घ्यायची. ठरलं!

आज मारुंजीच्या चौकात डावीकडून टेम्पो एकदम अंगावर आला. मी ओरडले. हे शांतपणे म्हणाले, "बघितलाय मी." बघितला होता तर मला आधी सांगायला काय झालं होतं? वय ब्याऐंशी. नजर गेली की माणूस कबूल करत नाही, झाकतो.

लायसन्सची मुदत डिसेंबरात संपते. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे 'नाही' डॉक्टरच म्हणतील. वाईटपणा माझ्याकडे नको.

१३ नोव्हेंबर

शेजारचा कैलास आला होता. इथली, चांदे गावातली ही जागा आम्ही त्याच्याच वडिलांकडून घेतली. नौदल दिनाला शाळेत यांचा सत्कार करायचा म्हणतो. "काकू, काका नक्की काय करायचे? फ्लेक्सला लागतंय."

म्हटलं, टेस्ट पायलट. एकाहत्तरच्या युद्धात विमानवाहू जहाजावर होते. गोळ्या लागलेली विमानं जहाजावरच दुरुस्त व्हायची आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा हे उडवायचे. युद्ध संपल्यावर पुढची वीस वर्षं तेच काम.

"म्हंजी इमान नीट झालंय का न्हाई, ते वर जाऊन बघायचं?"

"हो."

"आन नसलं झालं तर?"

"तर तेही कळतं," हे आतल्या खोलीतून म्हणाले.

कैलास गेल्यावर गोवा आठवलं. दुपारची वेळ. दारात एक तरुण अधिकारी, टोपी हातात. "मॅडम, साहेब समुद्रात उतरलेत. ठीक आहेत." मी विचारलं, जेवायला कधी येतील? तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. संध्याकाळी हे आले, अंगावरचं मीठ धुतलं, जेवले. विमानाचं काय झालं, विचारलं. "चुकीचं होतं," म्हणाले. त्यानंतर कितीतरी रात्री मला झोप नव्हती. ते यांना आजही ठाऊक नाही.

१६ नोव्हेंबर

कासारसाईला जाऊन आलो. धरणाच्या रस्त्यावर म्हैस एकदम काचेशी! मी दचकले. "ती मघापासून येतेय, मेधा." मग हॉर्न का नाही वाजवला? "म्हशीला?"

वाद घातला नाही. दाखल्याच्या दिवसाची वाट बघते आहे.

२२ नोव्हेंबर

नजरेचंच नाही, डोक्याचंही काही बिनसलंय.

हल्ली पानं हे घेतात. आज जेवायला बसले, पाहते तर आमटी नाही. म्हटलं, आमटी विसरलात. म्हणाले, "वाढलीय." खरंच होती — पानाच्या डाव्या बाजूला! डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. आईने मला सहाव्या वर्षी शिकवलं. हा माणूस चोपन्न वर्षं माझ्या हातचं जेवतोय.

मी वाटी उचलून जागेवर ठेवली. हे माझ्याकडे नुसते बघत होते.

२३ नोव्हेंबर

आज पुन्हा. डावीकडे. वाटीला माझा हात लागला, आमटी सांडली. चांगलंच सुनावलं! "असू दे," म्हणाले आणि पुसून घेतली.

पुण्यात मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाला, "आई, बाबांनी कधी एखादी गोष्ट उगाच केली आहे का?" मुलं बापाचीच बाजू घेतात.

२९ नोव्हेंबर

फ्लेक्स लागला. यांचा गणवेशातला फोटो, खाली ठळक अक्षरात: 'शिकाऊ वैमानिक'. मी कैलासला फैलावर घेतलं. तो म्हणतो, "काकू, टेस्ट म्हंजी परीक्षाच ना! लायसनची टेस्ट देत्यात तसं." बदलून आण म्हटलं. हे मध्ये पडले. "राहू दे. शेवटपर्यंत शिकाऊच होतो." आणि हसले. मनापासून!

४ डिसेंबर

सत्कार झाला. शाल, नारळ, पुरणपोळी. यांनी जेमतेम पाच मिनिटं भाषण केलं. नीट बोलले, कुठे अडखळले नाहीत, ही गोष्ट मान्य करते. म्हणाले, "विमान एकदम बिघडत नाही. आधी बारीक बारीक सांगत असतं. आपण ऐकायचं. आणि खात्री होईपर्यंत ओरडायचं नाही, नाहीतर सगळेच घाबरतात."

कैलासची आई तुळजाबाई पुढच्याच रांगेत. बसल्या जागेवरून मला म्हणाली, "आन तुमी जाऊ कसं दिलंत ओ बाई? पडंल म्हाईत असून?"

"मला विचारलं कोणी होतं!" मी म्हटलं.

"आमाला तरी कुटं इचारत्यात," ती म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. हेसुद्धा.

८ डिसेंबर

उद्या डोळ्यांचा दवाखाना. हे एका शब्दाने नको म्हणाले नाहीत. उलट वेळ यांनीच घेतली. किल्ली कुठे ठेवायची ते मी ठरवून ठेवलंय. जरा वाईट वाटतंय. पण नियम म्हणजे नियम.

९ डिसेंबर

यांचे दोन्ही डोळे उत्तम. दाखला मिळाला.

मग डॉक्टरांना म्हणाले, "आता हिचे बघा. वेळ दोघांची घेतलीय."

डावा डोळा, काचबिंदू. त्या बाजूचं बरंचसं गेलंय. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं राखता येईल.

बाहेर आल्यावर विचारलं, कधीपासून ठाऊक होतं? "दसऱ्यापासून शंका होती."  आमटीचं मी विचारलं नाही.

येताना गाडी यांनीच चालवली. डावीकडचं सगळं मला सांगत होते — पाण्याचा टँकर, रिक्षा, एक कुत्रं, उसाची गाडी. मी नुसतं "हं" म्हणत होते.