आधी तुझा डोळा

१६ जाने., गुरुवार
देवास. क्लबच्या मीटिंगला अकरा जण. मोतीबिंदू शिबिराची यादी वाचली. उदयनगरकडचं एकही नाव नाही. राजेश भिया (क्लबची गाडी तोच चालवतो) म्हणाला, "ताई, वो लोग नहीं आएँगे. छोड़ो." सोडू कशी? या वर्षी सचिव मी. रविवारी स्वतः जाते म्हटलं.
यादी वाचताना उजवा डोळा मिटून घेतला. वर्ष झालं, त्यात नुसतं धुकं. मोतीबिंदूच. डॉ.नी कधीचं सांगितलंय, मी टाळतेय. क्लबात कुणाला माहीत नाही. ह्यांनासुद्धा.

१९ जाने., रविवार
उदयनगरच्या पुढची जंगलातली वस्ती. रेवलीबाई अंगणात बाजेवर बसलेली. साठीची असेल. दोन्ही डोळ्यांत पांढरं. "नहीं कराना." शेजारच्या नाथीचा डोळा पूर्वी कुठल्याशा शिबिरात गेला, तेव्हापासून इथून कुणी जात नाही.
समजावता समजावता उठले आणि दगडाला ठेचकाळले. पडलेच असते. बाई हसायला लागली. "इस पत्थर से तो मैं अंधी भी नहीं टकराती. तेरे को नहीं दिखा?"
सांगून टाकलं. डोळा खराब आहे, ऑपरेशनची भीती वाटते.
"तो पहले तेरी आँख. फिर आके बता."
राजेश भिया शेजारीच उभा. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "ताई, हमको तो बताना था."

२० जाने.
ह्यांना सांगितलं. "वर्षभर?" म्हणाले. ताट तसंच ठेवून उठले.

२३ जाने., गुरुवार
मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं. सगळे म्हणे, इंदूरला चांगल्या ठिकाणी करा. नाही. शिबिरातच. त्या बायकांना ज्या टेबलावर निजवणार त्याच टेबलावर. नाहीतर रेवलीबाईला कुठल्या तोंडानं...

२५ जाने., शनिवार
झालं. रांगेत चौथी. हिरवा झगा, मनगटाला नंबर. दुखेल का, हे नर्सला दोनदा विचारलं. इतकी वर्षं लोकांना "काही होत नाही हो" सांगत आले, किती सहज सांगत होते!

२६ जाने.
पट्टी निघाली. ह्यांच्या कानावरचे केस दिसले. ओट्याच्या टाइल्स इतक्या तेलकट? आणि हे वर्षभर एक शब्द बोलले नाहीत. मला हसू आलं, मग रडू. रडायचं नाही असं डॉ. म्हणालेत.

९ फेब्रु., रविवार
डॉ.नी परवानगी दिली. काळा चष्मा लावून वस्तीवर. रेवलीबाईनं आवाजावरून ओळखलं.
"दुखा क्या?"
"थोड़ा. डर बहुत लगा."
"नाथी जैसा हुआ तो?"
होणारच नाही, असं म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. "हो भी सकता है, बाई. बहुत कम को होता है. मैं साथ में रहूँगी."
ती भिंत धरून आत गेली. अर्धा तास थांबलो. सून बाहेर येऊन म्हणाली, "सोचने दो." तसेच परतलो. राजेश भियाच्या मते थोडं खोटं बोलायला हवं होतं. मला नाही वाटत. गुरुवारी दुसरं शिबिर आहे; गाडी वस्तीवर जाणारच, रिकामी आली तरी चालेल.

१३ फेब्रु., गुरुवार
सकाळी राजेश भियाचा फोन. "ताई, वो गाड़ी में बैठ गई!" मी घरातली कामं तशीच टाकून शिबिराच्या इस्पितळात.
गाठोडं छातीशी धरून उतरली. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तपासलं तर बी.पी. फार चढलेला. डॉ. म्हणाले, आज नाही. गोळी देऊ, उद्या बघू. उतरला नाही तर परत पाठवावं लागेल.
तिनं सरळ डॉक्टरांनाच विचारलं, "महुआ गिरने तक हो जाएगा ना? बहू मिट्टी समेत बीनती है."
डॉ. हसले. मला हसू आलं नाही. मोहाची फुलं तिला स्वतः नीट बघून वेचायचीत. तिला काय हवंय ते आज पहिल्यांदा कळलं. दोन खेपा घातल्या, विचारलंच नव्हतं.
आजच्या मीटिंगला येत नाही असा निरोप धाडला. तिच्या पलंगाशी बसून हे लिहितेय. उद्या नाही झालं तर पुढच्या शिबिराला पुन्हा आणीन, मोहाची फुलं गळायच्या आत.
आता ती विचारतेय, "क्या लिख रही?"
"तुम्हारा नाम."
"पूरा लिख."
लिहिलं. सकाळी सातला बी.पी. मोजणार.