मागच्या दाराचं लुगडं

अण्णा, तुम्ही घातलेली शपथ मी काल मोडली, आणि घरात अजून हसणं थांबलेलं नाही.

मत्रहच्या तुमच्या शिलाईच्या दुकानात मी नऊ वर्षांची. तुम्ही इथल्या अरबांच्या पांढऱ्या दिशदाशांना, त्या पायघोळ झग्यांना, काजं करताय आणि माझ्या खापरपणजीची, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताय. आपल्या गावाकडच्या संस्थानच्या राजाची लेक, पण तिची आई राजाची लग्नाची बायको नव्हे, दरबारात गाणारी. म्हणून दर दिवाळीला राजवाड्यातून लुगडं यायचं ते गुपचूप, मागच्या दाराने. ही बया पुढच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायची. "माहेरचं लुगडं मागच्या दाराने येत नाही," म्हणायची आणि परत पाठवायची. सात दिवाळ्या! आठव्या वर्षी म्हातारा राजा स्वतः लुगडं घेऊन पुढच्या दाराशी उभा, आणि हिने विचारलं काय, तर "जेवून जाणार ना, आबा?"

मी ते कौतुकाने एका मराठी गिऱ्हाइकाच्या बायकोला सांगितलं. तुम्ही कात्री आपटलीत. "ही गोष्ट बाहेर गेली तर तुला कोण करून घेईल? घे शपथ!" घेतली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण मी तोंड उघडलं नव्हतं.

काल अल अमेरातला तुमच्या नातीचा साखरपुडा. इथल्या घरांची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे, पुरुष पुढून मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बायका मागून. विहीणबाई साडीचं ताट घेऊन मागून शिरणार, तोच मी दारात आडवी. "मानाची साडी मागच्या दाराने घेत नाही आमच्यात!" लेक पुटपुटली, "आई, प्लीज, खलास, पुरे!" पण विहीणबाईंनी "का हो?" विचारलंच. सांगितलं सगळं. अण्णा, पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या तोंडाने मोडतंय असं वाटलं.

विहीणबाईंनी ताट डोक्यावर घेतलं, भर उन्हात घराला वळसा घातला आणि पुढचं दार बडवलं. "अहो राजाच्या लेकी, उघडा! यल्ला, लवकर, भाजले मी इथे!" मी दार उघडलं, आणि तोंडातून काय निघावं? "जेवून जाणार ना?" इतक्या हसलो आम्ही दोघी, की त्यांना लावलेलं कुंकू नाकावर गेलं.

हा कागद तुमच्या जुन्या कात्रीखाली ठेवतेय, आणखी कुठे धाडणार? सगळ्यांना मी सांगितलंय की चुकून बोलून गेले. तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू. पुढचं दार मी सकाळीच झाडून, रांगोळी घालून ठेवलं होतं.