बाबांच्या हंड्याच्या जागी

३ फेब्रुवारी, रविवार

हंडा नाही! सगळे खोके उघडून झाले. लाकडी ढवळणं आहे, बाटल्यांना बूच दाबायचं यंत्र आहे, धान्य भिजवायची कापडी पिशवी आहे, रॉसच्या छत्र्या आहेत — तीन! — आणि बाबांचा तांब्याचा हंडा नाही.

रॉसला विचारलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. "कुठला हंडा?" कुठला म्हणजे! ज्यात आजी धुणी उकळायची, ज्यात बाबांनी आणि त्यांच्यामागे चौतीस वर्षं मी बिअर उकळली, तो. रॉसने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. मीच ठेवला बाहेर गवतावर. घर सोडायच्या आठवड्यात. इथे मावला नसता, ग्लेन."

गवतावर! म्हणजे गेलाच. पालिका भंगार उचलते त्या आठवड्यात घरापुढच्या गवतावर ठेवलेलं ज्याने उचललं त्याचं झालं, परत मागायला जायचं नाही. हा नियम मीच रेझरव्हारच्या आमच्या जुन्या, आख्ख्या गल्लीला ऐकवत आले. आमच्या निम्म्या टेबल-खुर्च्या तशाच आलेल्या. पण बायकोला न विचारता तिच्या बापाचा हंडा? एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि या माणसाला एवढी अक्कल नसावी!

४ फेब्रुवारी, सोमवार

रॉसशी बोलत नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

बोलावं लागलं. नव्या घराची किल्ली त्याच्याकडे होती.

म्हणतो, नवं भांडं घे, तुला हवं ते घे. मोठा दाता लागून गेला! पण घ्यावं तर लागणारच. वीस एप्रिल बाबांचा दिवस. त्या दिवशी नेव्हिल शेपर्टनहून येतो, आम्ही दोघं भावंडं बाबांच्या कृतीची काळी बिअर उघडतो आणि पहिला घोट होईपर्यंत कोणी बोलत नाही. बाबा गेल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. माझं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा नाही. काळीला आंबायला दोन आठवडे, मग बाटलीत पाच. बोटांवर मोजलं — दोन मार्चच्या शनिवारी भांडं उकळलं तरच जमेल. त्यानंतर नाही.

स्टुलावर चढून मोजलं. शेगडीपासून वरच्या चिमणीपर्यंत ४४ सेंटिमीटर. फक्त! याला स्वयंपाकघर म्हणतात. टाइलवर पेन्सिलने ४४ लिहून ठेवलं, परत चढायला नको.

९ फेब्रुवारी, शनिवार

प्रेस्टनचं बिअरच्या सामानाचं दुकान. दुकानदार दाढीवाला, दाढी निम्मी पिकलेली, आणि मला म्हणतो "काकू"! मी भांड्याविषयी विचारते, हा उत्तर देतो रॉसला. "साहेब, पहिल्यांदाच करताय का?" रॉसने बोट माझ्याकडे केलं. "मी फक्त पितो."

मग सुरू झाला. बिअर म्हणजे काय, माल्ट म्हणजे काय, ऊत कसा येतो. मला! इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तीनशे माणसांचं सूप उकळलं मी. हा पाळण्यात होता तेव्हा माझ्या हातचा ऊत माझ्याकडे बघून खाली बसायचा.

तरी नीट ऐकून घेतलं. भांडी अशी — चाळीस लिटरचं जाड स्टीलचं, नळ बसवलेलं, देखणं. पण आमच्या काचेच्या शेगडीवर तेवढं पाणी उकळायला दिवाळं निघेल दिवसाचं, आणि भरलेलं भांडं काच फोडेल ते वेगळंच. वीस लिटरचं शेगडीवर मावतं, पण त्यात काळी अर्धीच होणार. बाबांची काळी आणि अर्धी! आणि तिसरा विजेचा बॉयलर. सभागृहात चहाला असतो तसा उभा डबा, तीस लिटर, भिंतीत पिन खोचली की झालं. दुकानदार म्हणाला, "वेळ लावून ठेवायची. वेळ संपली किंवा पाणी आटलं की आपोआप बंद."

रॉसचे डोळे चमकले. "हा चांगला आहे, ग्लेन. आपोआप बंद होतो."

मला नको. उकळी ही समोर उभं राहून बघायची गोष्ट आहे. चहावाल्या डब्यात बाबांची काळी करू? काही न घेता परत आलो. ट्राममध्ये रॉस खिडकीशी. चोराच्या चेहऱ्याने बसला होता, बसू दे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

भांडं घ्यायचं तर उंची हवी. स्टूल घेतलं, टेप घेतली, मोजलं. चिमणीपर्यंत ४४. आणि बघते तर काय, टाइलवर आधीच कुणीतरी पेन्सिलने ४४ खरडून ठेवलेलं! नव्या घराच्या पांढऱ्या टाइलवर! रॉसला हाक मारली. म्हटलं, मोजलंच होतंस तर तोंडाने सांगायचं होतं, भिंती कसल्या रंगवतोस? तो टाइलकडे बघत राहिला. म्हणाला, "चुकलं. पुसतो."

आणि पुसलंही नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

नेव्हिलचा फोन. काळीचं काय, म्हणे. सांगितलं सगळं, हंड्यासकट. मला वाटलं रॉसवर चांगला भडकेल. तर म्हणतो, "जाऊ दे गं ताई, रॉसला नको बोलूस." का नको? हंडा तुझ्याही बापाचा ना! सगळे पुरुष एका माळेचे मणी.

१६ फेब्रुवारी, शनिवार

घेतलं! सिडनी रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात बिर्याणीची पातेली टांगलेली असतात. एक बावीस लिटरचं, जाड बुडाचं, उंची बत्तीस, तोंड रुंद. मालकीणबाई छान बोलली. "लग्नाला हवंय का?" म्हटलं, नाही, बापाला हवंय. तिने चांगलं पुसून दिलं.

दोनदा उकळून काळी पुरी करेन. सकाळी अर्धी, दुपारी अर्धी. मधमाशीच्या मेहनतीचं काम, पण माझं काम. रॉसने उचलून लिफ्टने वर आणलं. मग घरात आल्यावर — "शेगडीवर ठेवून तू बाहेर नाही ना जाणार कुठे?"

असं बोलतात बायकोशी?

१७ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस! बाजारातून आले तर जिन्यात माणसं. धुराचा भोंगा केकाटतोय. आत शिरले तर रॉस टॉवेलने छताला वारा घालतोय, खिडक्या सताड, आणि माझं नवं पातेलं सिंकमध्ये. बूड निळं-काळं. पाणी आटून कोरडं तापलं होतं.

खालच्या मजल्यावरची मिसेस ऑकली हातात मोप घेऊन उभी. म्हणाली, "बरं झालं तुमचे मिस्टर वाचनालयातून वेळेवर आले."

वेळेवर? मग शेगडी लावली कोणी, भुताने? मी तर आज पातेल्याला हातसुद्धा लावला नाही. रॉसला विचारलं तर टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "मीच लावली असेल. पाणी किती वेळात उकळतं ते बघायला. विसरलो."

मीच! हंडा ठेवला — मीच. टाइल खराब केली — मीच. पातेलं जाळलं — मीच. वर नुसता उभा, एक शब्द उलटा नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं. याच्यावर ओरडणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं.

वय झालंय त्याचं. डॉक्टरला दाखवायला हवं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

तेच म्हटलं त्याला. "डॉक्टरकडे जायला हवं." तो म्हणाला, "चालेल. दोघंही जाऊ." मला काय झालंय? माझे गुडघे ठीक आहेत.

संध्याकाळी परत बॉयलरची टकळी. "आपोआप बंद होतो, ग्लेन. जिवाला घोर नाही." डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ज्याला शेगडी बंद करायची आठवण राहत नाही त्याने स्वतःसाठी आणावा तसला डबा, माझ्या कामात तो नको. पुढे बरंच बोलले. चहाचा डबा, नेभळट, बाबांचा हंडा फेकणारा. त्याने जेवण अर्धं टाकलं आणि सज्जात जाऊन बसला.

लिहिताना आता बरं वाटत नाहीये. पण शब्द मागे घेणार नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

पातेल्याचं बूड घासून हात सुजले. डाग जात नाही, बूडही आलंय फुगून, शेगडीवर डुगडुगतं. नऊ दिवस राहिले.

नुन्त्सियाताईंचा फोन, रेझरव्हारला आमच्या पलीकडच्या घरात राहतात त्या. येत्या रविवारी त्यांच्याकडे टोमॅटोचा दिवस, घरादाराने मिळून वर्षभराचा सॉस करायचा. दरवर्षीसारखी ये, म्हणाल्या, बाटल्या भरायला हात कमी पडतात. आणि मग सहज — "यंदा सोय मस्त झालीये, तुझ्या हंड्यात चाळीस बाटल्या एकदम उकळतील."

माझ्या हंड्यात!!

फोन ठेवला आणि रॉसला सांगितलं. त्याचा रंग उडाला. "नको जाऊस, ग्लेन. गवतावरचं परत मागायचं नाही, तूच म्हणतेस ना." आता नियम आठवला याला! मी जाणार. नियम गेला खड्ड्यात. एकेचाळीस वर्षांत या माणसाने कधी माझा हात धरून ठेवला नव्हता, आज धरला. सोडवून घेतला.

२४ फेब्रुवारी, रविवार

एकटीच गेले. रॉस बसथांब्यापर्यंत मागे मागे आला, परत पाठवला.

नुन्त्सियाताईंचं मागचं अंगण टोमॅटोने लाल. सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. आणि मधोमध विटांच्या चुलीवर तो. बुडाशी डाव्या अंगाला पोचा, बाबांच्या हातून पायरीवर आपटला होता तो.  तिथेच सगळ्यांसमोर बोलले. की हा हंडा माझ्या नवऱ्याने मला न विचारता बाहेर टाकला, तुम्हाला कळायला हवं होतं की मी असा कधी देणार नाही, शेजारीण म्हणवता आणि एक फोन करता आला नाही?

 नुन्त्सियाताईंनी हात एप्रनला पुसले. "अगं ए, ओरडू नकोस, बस आधी. पाणी पी." मी बसले नाही. त्या गॅरेजात गेल्या आणि एक पुठ्ठा घेऊन आल्या. हंड्याला सुतळीने बांधलेला होता, म्हणाल्या. त्यावर सूचना होत्या म्हणून जपून ठेवला.

वाचला.

मग बसले. त्यांनी माझ्या हातात चाळणी दिली आणि मी संध्याकाळपर्यंत टोमॅटो गाळले. निघताना म्हणाल्या, "हंडा ने पोरी. हवा तर आत्ता ने." नाही आणला. दरवर्षी त्यांना लागेल.

पुठ्ठा मात्र आणला. आज यापुढे लिहवत नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार

पुठ्ठ्यावर लिहिलंय — "तांब्याचा हंडा. चांगला आहे, गळत नाही. लिंबू-मिठाने घासा, तारेच्या घासणीने नको. माझ्या बाबांचा आहे, नव्या घरात मावणार नाही. ज्याला रोज उपयोग होईल त्यानेच न्यावा." खाली तारीख, बारा जानेवारी. अक्षर माझं आहे. ही वही मागे उलटून घर सोडायच्या आठवड्याची पानं पाहिली. बारा तारखेचं पान कोरं आहे. पाच फेब्रुवारीचं पानही वाचलं. टाइलवरचा आकडा मीच लिहिला होता.

रॉसने विचारलं, कसा झाला टोमॅटोचा दिवस. म्हटलं, छान. मग म्हटलं, प्रेस्टनला जाऊ या, तो आपोआप बंद होणारा घेऊ. आणि शनिवारी उकळी येईल तेव्हा तू माझ्याजवळ उभा राहा.