अक्काताईच्या गाडीचं मॉड्यूल

४ फेब्रुवारी
अक्काताईची गाडी माझ्या दारात आणून लावली. तापली की बंद पडते, थंड झाली की मुकाट सुरू होते. व्हिडिओ बघितले. निदान पक्कं: इग्निशन मॉड्यूल. स्पार्क सोडणारी काडेपेटीएवढी डबी. गॅरेज कशाला? रविवारी जयसिंगपूरला भाचीचं, ऐश्वर्याचं डोहाळजेवण. लेकीकडं आईला मीच नेणार, ह्याच गाडीतून.
दाजी असताना गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हते. तेवढं जरा खटकतं.

६ फेब्रुवारी
टेस्ट केली. भाग्यश्रीच्या हेअर ड्रायरनं मॉड्यूल तापवलं. स्पार्क गेला. निदान बरोबर. ड्रायरही गेला. बायकोला सांगितलं, व्होल्टेज वरखाली होतंय. अगदीच खोटं नाही, कधीकधी होतं.

७ फेब्रुवारी
नवीन मॉड्यूल बसवलं. सोबत पांढऱ्या मलमाची पुडी होती. बहुतेक पॉलिश. डॅशबोर्डला लावलं, चमक आली नाही, पुसून टाकलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू.
भाग्यश्री म्हणाली, लांब चालवून बघा. कोपऱ्यावर चहा पिऊन आलो.
अक्काताईचा फोन. मेस्त्रीला दाखवलीस न्हवं? दाखवली म्हटलं. ज्याला कळतं तो मेस्त्री.

९ फेब्रुवारी, सकाळ
काल हातकणंगल्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. थंड केली, सुरू झाली, परत बंद. मग सुरूच होईना. अक्काताई ओटीचं सामान मांडीवर घेऊन बांधावर बसली. मी बॉनेटआड फोन बघितला. मलम मॉड्यूलखाली लावायचं असतं, उष्णता बाहेर जायला. नाहीतर नवीनही जळतं. फोन खिशात घातला. काय झालंय रे, तिनं विचारलं. पार्ट डुप्लिकेट निघाला म्हटलं. ती म्हणाली, मग त्यात तुझी काय चूक.
एसटीनं पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. दिवस मावळला की अक्काताई पाणीसुद्धा घेत नाही; जैनांचा नेम, मी पाळत नाही. ऐश्वर्यानं आईसाठी ताट वाढून ठेवलं होतं. अक्काताईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि ताट आत न्यायला सांगितलं. व्याह्यांनी उशिराचं विचारलं. गाडी जुनी हाय, ती म्हणाली, जयपालनं लई खपून दुरुस्त केल्ती.
खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या पंगतीत मला बसवलं. पोळी आली.
अक्काताई उपाशीपोटी समोर उभी होती. वाढणाऱ्याला म्हणाली, त्याला आणि वाढ, दिवसभर राबलाय.
मी नको म्हटलं नाही.